पाणी मुरतंय कुठे?

(प्रभागसंघाच्या मे महिन्याच्या सभेत मी जे बोलले ते इथे देत आहे. सभेत तायांनी विचारलेले एकदोन प्रश्न आणि त्यांची उत्तरंही त्यात घेतली आहेत. – क्षेत्र समन्वयक)

दाराशी उभे असलेले ड्रायव्हर दादा, तुम्हीही आत येऊन बसा, विषय तुमचाही आहे.

विषयपत्रिकेवर ‘वाहन देखभाल’ असं लिहिलंय. ते वाचून दोघीतिघी चहाकडे वळल्या, ते मी पाहिलं. पण मला आज सगळी गाडी सांगायची नाही. एकच गोष्ट सांगायचीय. पिकअपच्या केबिनमध्ये पावसाचं पाणी येतं, ते नेमकं कुठून येतं हे कसं शोधायचं. आपल्या प्रभागात आता तीन ठिकाणी मालाच्या गाड्या आहेत, चौथी यायचीय. मृग पंधरा दिवसांवर आलाय. आणि मागच्या पावसाळ्यात या पाण्यावरून एका ताईच्या हातातली गाडीची किल्ली काढून घेण्यापर्यंत गोष्ट गेली होती. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

झालं असं. एका ग्रामसंघाने जुनी पिकअप घेतली. गटातलीच एक ताई लायसन्स काढून ती चालवते. तिला विचारून सांगतेय, पण नाव घेणार नाही, ती समोरच बसलीय आणि आधीच लाजलीय. उन्हाळ्यात आंबा, मग कोकम, आणि श्रावण लागला की गणपतीचा माल. मोदकाचं पीठ, पापड, कुळथाचं पीठ. मागच्या हौद्यावर ताडपत्री असते, पण ताडपत्री आणि आपला पाऊस यांचं नातं तुम्हाला माहीत आहे. म्हणून पिठाची पाकिटं केबिनमध्ये, डाव्या सीटसमोर पाय ठेवायची जागा असते तिथे ठेवायची, अशी त्यांची पद्धत.

आणि नेमकं तिथेच पाणी. सकाळी बघावं तर खालचं मॅटिंग ओलंचिंब, कुबट वास. एकदा तर खालच्या थरातल्या पाकिटांतल्या पिठाचे गोळे झाले, दुकानदाराने माल परत पाठवला. मग मासिक बैठकीत बोलणं सुरू झालं. “काच उघडी टाकून जात असणार.” “बाईमाणसाला गाडीतलं काय कळतंय!” हे दुसरं वाक्य एका बाईनेच म्हटलं होतं, हेही सांगून ठेवते. गाडीचा हप्ता डोक्यावर, त्यात हे नुकसान भरायचं कुणी? एक मावशी शांतपणे म्हणाल्या, “कुठेतरी पाणी मुरतंय.” त्या गाडीबद्दल म्हणाल्या की माणसाबद्दल, ते त्यांनाच ठाऊक. पण गाडी चालवणाऱ्या ताईने ते मनाला लावून घेतलं. रात्री तिचा मला फोन आला, “मॅडम, मी किल्ली देऊन टाकते.”

तोवर काहीच उपाय केले नव्हते असं नाही. गॅरेजमध्ये डाव्या दाराचं रबर बदललं होतं, का तर ओलं डाव्या दाराजवळ होतं. पाणी येतच राहिलं. मग पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉन मारलं. तरी येतच राहिलं. पैसे दोन्ही वेळा गेले. पावती एकदाच मिळाली, पण तो विषय लेखापाल ताई घेतील.

आता मला सांगा, कौलारू घर किती जणींचं आहे? बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. पाणी चुलीजवळ ठिबकलं तर आपण चुलीच्या बरोबर वरचं कौल बदलतो का? नाही. म्हातारी माणसं आधी वर टॉर्च मारून वाशाकडे बघतात. कौल फुटलेलं असतं आढ्याजवळ, पाणी रिपेवरून वाशावर येतं, वाशाच्या पोटाने खाली घसरत जातं आणि जिथे वाशाला गाठ किंवा खिळा असतो तिथे टपकतं. फुटलेलं कौल एकीकडे आणि खाली ठेवलेलं भांडं दुसरीकडे. हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. गाडीची केबिन म्हणजे पत्र्याचं छोटं घरच. तिलाही आढं आहे, कोने आहेत, पन्हळ आहे. फरक इतकाच की तिचे वासे प्लास्टिकच्या आणि कापडाच्या मागे झाकलेले असतात. दाराजवळ ओलं म्हणून दार दोषी, हे त्या चुलीवरच्या कौलासारखं झालं.

आणि पाणी थोडंथोडकं नसतं. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. केबिनचं टप आणि पुढची काच मिळून साधारण दोन चौरस मीटर धरा. शंभर मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी नुसत्या केबिनवर दोनशे लिटर पाणी येतं. मोठ्या पिंपाएवढं. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेलं की हवामान खात्याच्या भाषेत तो जोरदार पाऊस. आपण त्याला ‘पाऊस लागलाय’ एवढंच म्हणतो. तर हे पिंपभर पाणी टपावरून, काचेवरून उतरून कुठेतरी जमिनीवर पडायला हवं. त्यातलं शंभरातलं एक लिटर जरी आत वळलं, तरी पीठ गेलं.

आम्ही शोध घ्यायला बसलो ते गाडीजवळ नाही, वही घेऊन. ताईकडे फेऱ्यांची वही होती. तारीख, किलोमीटर, डिझेल, रात्री गाडी कुठे लावली, सगळं लिहिलेलं. तिला विचारलं, ओलं कधी मिळतं, चालवून आल्यावर की सकाळी? म्हणाली, “सकाळी. भर पावसात घाट चढून आले तरी संध्याकाळी कोरडं असतं.” दुसरं, रोज सकाळी? नाही. वहीत बघितलं तर शाळेजवळच्या आंब्याखाली, रस्त्याच्या कडेला गाडी लावली त्याच रात्रींच्या सकाळी. घरासमोर खळ्यात लावली तेव्हा मुसळधार पावसातही काही नाही. रस्त्याची कड डावीकडे उतरती आहे, तिथे गाडी डाव्या अंगावर कलते. खळं सपाट आहे.

इथेच एक गोष्ट मिटली. ड्रायव्हरची काच उजवीकडे असते. ती उघडी राहिली तर उजवी सीट भिजेल, उजवीकडचं मॅटिंग भिजेल. डावीकडचं नाही. हे कागदावर मांडून दाखवायला पाच मिनिटं लागली. बैठकीत कुणालाही सुचण्यासारखं होतं, पण बैठकीत आपण आधी माणूस शोधतो, हे मी तीन वर्षांत बघितलंय.

मग पावसाने उघडीप दिली त्या दिवशी प्रत्यक्ष तपासणी. मी समाजकार्य शिकलेय, गाडी नाही. म्हणून ताईच्या ओळखीचे एक काका आले, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त. त्यांनी आल्याआल्या पाइप आमच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, “आधी सुकवा.” ओल्या गाडीत पाणी शोधणं म्हणजे भिजलेल्या धोतरावर डाग शोधणं. मॅटिंग उचललं, त्याच्याखाली नमद्यासारखा जाड थर असतो, तो तर स्पंजसारखा पिळून निघाला. वरचं मॅटिंग दोन दिवसांत सुकलेलं दिसतं, पण खालचा थर पंधरा दिवस पाणी धरून ठेवतो, आणि आजचं पाणी कालचं की नवं तेच कळत नाही. ते सगळं बाहेर काढलं, पत्रा फडक्याने कोरडा केला. मग दाराच्या आत, डॅशबोर्डच्या खाली, सीटच्या मागे जुने पेपर चिकटपट्टीने लावले. कोरड्या पत्र्यावर खडूची पूड पसरली. पाण्याचा एक थेंब जरी घसरला तरी खडूवर वाट उमटते.

ताई टॉर्च घेऊन आत बसली, दारं बंद. मी बाहेर पाइप घेऊन. काकांचा नियम एकच, खालून वर जायचं. आपल्याला वाटतं, टपावर पाणी सोडलं की काम झालं. पण टपावर सोडलेलं पाणी काचेवरून, दारावरून, सगळीकडून खाली येतं. आत थेंब दिसला तरी तो कुठल्या फटीतून आला ते कसं सांगणार? म्हणून आधी खाली, चाकाच्या वरच्या भागावर. दहा मिनिटं. मग दाराची खालची कड. मग दाराचं रबर. मग काचेच्या खालची जागा. मग काचेच्या दोन्ही बाजू, वरची कड, आणि सगळ्यात शेवटी टप. प्रत्येक जागी दहा मिनिटं, धार बारीक, पाइपच्या तोंडावर अंगठा न दाबता. गाड्या धुतात त्या जोराच्या फवाऱ्याने तर अजिबात नाही, तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घुसवतो आणि निष्पाप फट दोषी ठरते.

गाडी मुद्दाम डाव्या अंगावर कलती लावली होती, शाळेजवळ असते तशी.

दार झालं. पेपर कोरडे. म्हणजे नवीन रबराचे पैसे उगाच गेले, ते तिथेच कळलं. मग वायपरच्या खाली जी काळी जाळी असते तिथे पाणी सोडलं. पाच मिनिटं झाली, आत काही नाही. आठ मिनिटं झाली, काही नाही. तेवढ्यात आत बसलेली ताई दार उघडून खाली वाकली आणि म्हणाली, “अगो, खाली तर थेंब पण पडत नाय! मग पाणी जातंय कुठं?”

काका हसले. तेच बघायचं होतं. त्या जाळीच्या खाली पत्र्याची एक पन्हळ असते. काचेवरून आलेलं सगळं पाणी त्या पन्हळीत जातं आणि दोन बाजूंच्या भोकांतून, पुढच्या चाकांच्या मागे जमिनीवर पडतं. बहुतेक गाड्यांत त्याच पन्हळीत एक तोंड असतं, तिथून ब्लोअर बाहेरची हवा आत ओढतो. आपल्या गाड्यांत ते तोंड सहसा डावीकडे. आम्ही आठ मिनिटं पाणी ओतत होतो आणि जमीन कोरडी होती, म्हणजे डावीकडचं भोक बंद आणि पन्हळ विहिरीसारखी भरत चाललेली. अकराव्या मिनिटाला ती त्या तोंडाच्या काठापर्यंत भरली आणि डॅशबोर्डच्या खालून पेपरवर टप, टप, टप. बरोबर पिठाच्या जागेवर.

सपाट जागी का येत नव्हतं? उजवीकडचं भोक उघडं होतं. गाडी सपाट असली की पाणी तिकडून निघून जायचं. घाटात गाडी या वळणाला इकडे, त्या वळणाला तिकडे कलते, तेव्हाही पाण्याला वाट मिळायची. डाव्या अंगावर रात्रभर उभी राहिली की मात्र काही इलाज नव्हता.

जाळी काढली, त्यासाठी आधी वायपरचे दांडे काढावे लागले. आत काय होतं? आंब्याची कुजलेली पानं, वाळलेला मोहोर, आणि त्यावर रस्त्याची लाल माती, असं थापून बसलेलं की कुंडी भरावी. गाडी ज्या झाडाखाली लावायची त्याच झाडाने पन्हळ बुजवली होती. तुमच्यापैकी समुद्राकडच्या ज्या आहेत, गुहागर, गणपतीपुळे भागातल्या, तुमच्याकडे सुरूची बारीक काडीसारखी पानं हेच काम आणखी लवकर करतात, ती जाळीतून सरळ आत जातात.

मोठा गाळ हाताने काढला. भोकाला पुढे रबरी नळी असते, तिच्या टोकाला चीर असते, ती चिकटून बसली होती. तिथे काकांनी सायकलच्या ब्रेकची जुनी केबल घातली. तार नको, तारेने रबर फाटतं. केबल आतबाहेर केली, आणि मग जो लोट खाली आला, माझे पाय भिजले.

मला तेव्हा बर्था बेंझ आठवली. १८८८च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत ही बाई नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, मॅनहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरी गेली. शंभर किलोमीटरच्या वर. मोटारीतून कुणीही केलेला तो पहिला लांबचा प्रवास मानतात. वाटेत इंधनाची नळी तुंबली तर तिने टोपीची पिन घालून ती मोकळी केली. तेव्हा ‘बाईमाणसाला गाडीतलं काय कळतंय’ असं म्हणणाऱ्यांना सांगा, तुंबलेली नळी मोकळी करायचं काम पहिल्यापासून बाईकडेच आहे.

पुढच्या मासिक बैठकीत ताईने तो गाळ डब्यात भरून आणला आणि सतरंजीवर पेपर टाकून त्यावर ओतला. भाषण वगैरे काही नाही. त्याच मावशी वाकून बघत म्हणाल्या, “म्हणजे मुरत होतं ते हे होय!” नुकसान गाडीच्या दुरुस्ती खात्यातून भरायचं, ताईवर टाकायचं नाही, असा ठराव झाला आणि इतिवृत्तात लिहिला. इतिवृत्तात लिहा असा आग्रह मी धरला होता. बैठकीत बोललेलं आरोप म्हणून वर्षभर लक्षात राहतं, खुलासा मात्र दुसऱ्या दिवशी विसरतात.

आता, तुमच्या गाडीत पाणी याच वाटेने येईल असं नाही. पाणी कुठे साचतं त्यावरून थोडा अंदाज येतो, तेवढाच. सीटच्या मागे ओलं असेल तर केबिनच्या मागच्या काचेचं रबर बघा. उन्हाने ते आकसतं आणि कोपऱ्यात फट पडते. वरून, छताच्या कापडातून थेंब येत असेल तर टपावर कुणी भोकं पाडलीत का ते आठवा. नावाची पाटी, जादा लाइट, ताडपत्रीच्या दोरीसाठी हूक, हे सगळं हौसेने लावलं जातं आणि स्क्रूच्या भोकात कुणी काही भरत नाही. आपल्या तीनपैकी दोन गाड्यांवर पाट्या आहेत. पाटीवर गटाचं नाव सुंदर दिसतं, पण स्क्रू तपासा.

दाराबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. दाराच्या पोटात पाणी जाणारच. काच वरखाली होते त्या फटीतून ते जातं आणि दाराच्या खालच्या कडेला भोकं असतात त्यांतून बाहेर पडतं. ती भोकं मातीने बुजली की दार उघडझाप करताना आत पाणी खळखळतं. माडाचा हीर घ्या आणि ती भोकं मोकळी करा, फुकटचं काम आहे. आणि दाराच्या आतल्या पॅनेलमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. स्पीकर बसवताना किंवा काचेचं मशीन दुरुस्त करताना तो फाडला जातो आणि परत लावत नाहीत. दुरुस्तीच्या वेळी तिथे उभं राहा आणि कागद परत चिकटवून घ्या.

दाराचं रबर तपासायला दहा रुपयांची नोट पुरते. नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. घट्ट आली तर रबर ठीक, सहज सरकली तर तिथे रबर बसलंय. असं दारभर चार बोटांच्या अंतराने करा.

पाण्याशिवायही एक युक्ती आहे, ती तुम्ही स्वयंपाकघरात करताच. गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून आपण बुडबुडे बघतो ना? तसंच. सगळ्या काचा, दारं बंद करा, ब्लोअर पूर्ण सोडा, बाहेरची हवा आत घेण्यावर ठेवा. मग बाहेरून काचेच्या कडेला, रबराला ब्रशने साबणाचं पाणी लावा. जिथून हवा बाहेर येते तिथे फेस फुगतो. हवेला वाट आहे तिथे पाण्यालाही असू शकते.

एका ताईने विचारलं, पाऊस नसतानाही ओलं होतं, ते काय? एसी असेल तर एसीचं पाणी असू शकतं. ते स्वच्छ असतं, त्याची नळी तुंबली की आत येतं. पण पाणी चिकट असेल, रंगीत असेल, गोडसर वास येत असेल तर ते पावसाचं नाही, इंजिन थंड ठेवणारं कूलंट आहे. चाखून वगैरे बघू नका, ते विषारी असतं. अशी गाडी थेट मेकॅनिककडे न्या, नाहीतर इंजिन तापून बसेल.

सिलिकॉनबद्दलही विचारलं. सिलिकॉन वाईट नाही. जागा सापडल्यावर, ती कोरडी आणि स्वच्छ करून लावलं तर टिकतं. ओल्यावर, धुळीवर लावलं तर महिन्यात पापुद्रा निघतो. जागा सापडायच्या आधी लावलं तर फक्त पुढचा शोध अवघड करतं.

आणि ओल नुसती सुकवून सोडून देऊ नका. आपली हवा खारी, पत्रा फार लवकर खातो. मॅटिंगखाली तांबेरा दिसला तर घासून रेडऑक्साइड मारा. फ्यूजचा डबा बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डखालीच असतो. तो ओला दिसला तर आधी बॅटरीची काळी वायर, म्हणजे मायनसची, काढा, मग हात घाला. जुनी गाडी घेताना तर मॅटिंग उचलून बघितल्याशिवाय व्यवहार करू नका. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. पुरात बुडालेली गाडी वरून धुऊनपुसून चकचकीत करता येते, पण सीटच्या रुळांत, मॅटिंगखालच्या कोपऱ्यात बारीक गाळ राहतोच. चौथी गाडी घेणाऱ्या ग्रामसंघाने हे लिहून घ्या.

गाडीच्या वहीत आजपासून एक रकाना वाढवा, गाडी रात्री कुठे आणि कशी लावली. आणि येत्या रविवारी सकाळी तिन्ही गाड्या कार्यालयासमोर आणा. काका येणार आहेत, त्यांना एसटीच्या वेळेची सवय आहे, नऊ म्हणजे नऊ. प्रत्येक गाडीबरोबर दोघी हव्यात, एक आत टॉर्च घेऊन बसायला, एक पाइप धरायला. पाइप आणि नळ इथे आहे. जुने पेपर, खडू आणि हीर घरून आणा, आणि मॅटिंग शनिवारीच काढून उन्हात टाका.